लाल बेडकी आणि माझा कोरडा दिवस

मी बेडूक बघायला गेले नव्हते. मी गेले होते मुलाकडं, अमेरिकेत, सुनेच्या बाळंतपणाला. चार महिने झाले, बाळ पालथं पडायला लागलं. तिथं निम्मी कामं मशीन करतात आणि उरलेली सून करते. मला कुणी कशाला हात लावू देईना. तेवढ्यात माझ्या मुलीची मुलगी अश्विनी पुण्याहून मामाकडं आली. तिला पुढं कोस्टा रिका नावाच्या देशात जायचं होतं, तिथल्या जंगलातल्या विषारी बेडकांचे फोटो काढायला. तिच्याबरोबर जाणारी मैत्रीण ऐन वेळी आजारी पडली.

"आज्जी, तू चलतीस का?" अश्विनी म्हणाली. "अमेरिकेच्या व्हिसावर तितं जाता येतं."

"मी तितं येऊन काय करू?"

"हितं काय करतीस?"

ते खरं होतं. म्हणून गेले.

परत गावाला, कन्हेरीला आल्यावर बायका विचारायला लागल्या. एकीला विमानाचं सांगा, दुसरीला बेडकाचं, तिसरीला तिथं काय खाल्लं ते. तुकड्यातुकड्यानं सांगून मी दमले, म्हणून सलग लिहून काढते. माझी शाळा चौथीपर्यंत झाली आहे, तेव्हा फार सजवून लिहिता येणार नाही. विमानाचं काहीच लिहीत नाही. रांगेत उभं राहायचं, बसायचं, उतरायचं, पुन्हा रांगेत. एसटीची निदान खिडकी तरी उघडते.

अश्विनीचं काम आधी सांगते, म्हणजे पुढचं कळेल. माझी मुलगी इंदापूर तालुक्यात दिली आहे, उजनीच्या पाण्याच्या कडेला. हिवाळ्यात तिथं रोहित पक्षी उतरतात आणि त्यांच्यामागं पुण्या-मुंबईचे फोटोवाले. अश्विनी लहानपणापासून त्यांना बघत आली. पुढं इंजिनिअर झाली, दोन वर्षं नोकरी केली आणि एक दिवस सोडून आली. तेव्हापासून प्राण्यांचे फोटो काढते. माझा जावई ह्या गोष्टीवरून रोज जेवताना बोलतो. पोरगी घरी नसली तरी बोलतो.

पुण्यातले एक प्रकाशक लहान मुलांसाठी पुस्तक काढत होते, प्राणी आपली पिल्लं कशी वाढवतात त्याचं. आतले बरेच फोटो अश्विनीचे ठरले होते. मुखपृष्ठ बाकी होतं. त्यावर त्यांना एक लाल बेडकी हवी होती, पिल्लाला भरवत असलेली. तो फोटो मिळाला तर मुखपृष्ठ अश्विनीचं आणि पुस्तकावर नावही तिचं पहिलं. नाही मिळाला तर ते दुसऱ्या कुणाचा तरी घेणार होते. जावयाच्या पुढ्यात ते पुस्तक ताटाशेजारी ठेवायचं, असं अश्विनीच्या मनात होतं. तिनं तसं सांगितलं नव्हतं, पण मला दिसत होतं. सात दिवस हातात होते.

पहिला दिवस

कोस्टा रिका हा देश अमेरिकेच्या खाली, दोन समुद्रांच्या मधे आहे. आम्ही उतरलो ती राजधानी डोंगरात आहे. तिथून गाडीनं खाली सखल भागात आलो, सारापिकी नावाच्या नदीकडं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना अननसाची शेतं. आपल्याकडं उसाचे फड जसे संपता संपत नाहीत, तसे अननस. मग एकदम शेत संपतं आणि जंगल उभं राहतं. मधे बांध नाही, काही नाही.

आमची उतरायची जागा म्हणजे चार खोल्या आणि एक स्वयंपाकघर. मालकीण नोएमी, पन्नाशीची, हडकुळी, कमरेला कोयता. जंगलात फिरवायला तीच नेते. तिची आई कार्मेन माझ्याच वयाची, ती स्वयंपाक बघते. नोएमीला इंग्रजी येतं, ते अश्विनीला कळतं. कार्मेनला तिची भाषा येते, मला माझी. आमचं दोघींचं काही अडलं नाही.

गेल्या गेल्या कार्मेननं कपात गरम काहीतरी दिलं. पिऊन बघितलं तर गुळाचं पाणी. चांगला काळसर, उसाचाच गूळ. मी कप खाली ठेवून अश्विनीला म्हणाले, "हिला विचार, ऊस कुठला."

कार्मेननं मला हाताला धरून मागं नेलं आणि गुळाची ढेप दाखवली. नारळाच्या अर्ध्या करवंटीएवढी, मक्याच्या पानात बांधलेली. मी तुकडा मोडून वास घेतला. जरा करपला होता. मी नाक मुरडलं, तर ती हसली आणि तिनंही मुरडलं. आपल्याकडं उन्हातून आलेल्या माणसाला गूळ-पाणी देतात, इथं त्याचं एकत्रच करून देतात.

जेवायला भात आणि काळा घेवडा, शेजारी तळलेली कच्ची केळी. सकाळी पुन्हा तोच भात, तोच घेवडा, परतून. आठवडाभर तेच. खायला चांगलं आहे, पण तिखट नावाला नाही. मी लसणाची चटणी नेली होती. कार्मेननं बोटाच्या टोकाला लावून चाखली आणि ताबडतोब पाणी प्यायली. दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा मागितली.

दुसरा दिवस

जंगलात जायला गमबूट लागतात. सापांसाठी आणि चिखलासाठी. नोएमी माझ्या नऊवारीकडं बघून अश्विनीशी काहीतरी बोलली.

"पॅन्ट घालायला सांगतीय तुला," अश्विनी म्हणाली.

"तिला सांग, ह्या लुगड्यावर मी उसाच्या फडात पाणी धरलंय."

मी काष्टा घट्ट मारून लुगड्याचा काठ गमबुटात खोचला. नोएमीनं मला एकदा फिरवून बघितलं आणि मान हलवली.

जंगल म्हणजे काय ते आधी सांगते. आपल्याकडं झाडाखाली सावली असते. इथं सगळीच सावली, ऊन शोधावं लागतं. श्रावणात वारा पडल्यावर जसं अंग चिकट होतं तसं दिवसभर. प्रत्येक झाडावर दुसरं झाड, त्यावर तिसरं. एकही पान कोरडं नाही. सकाळी माकडं ओरडली ती एवढी, की मला मोट्ठं कुत्रं पिसाळलं असं वाटलं.

वाटेत मुंग्यांची रांग लागली. प्रत्येकीच्या डोक्यावर कातरलेल्या पानाचा तुकडा. सोमेश्वरनगरला साखर कारखान्याच्या हंगामात ऊसतोडीच्या बायका डोक्यावर मोळी घेऊन फडातून गाडीकडं येतात, तशी ती रांग. त्यातल्या काही मुंग्या रिकाम्याच परत चालल्या होत्या, त्याही घाईत.

पहिला बेडूक नोएमीनं आवाजावरून काढला. रातकिड्यासारखा कुरकुर आवाज. पानांच्या कचऱ्यात बोट दाखवलं, मला काही दिसेना. मग दिसला. माझ्या अंगठ्याच्या पेरापेक्षा लहान. अंग लालभडक, मागचे पाय निळे. लाल सदरा आणि निळी विजार घातल्यासारखा. मी एवढा लांबून आले आणि बेडूक एवढासा, हे पहिलं मनात आलं.

"ह्याला हात लावायचा न्हाय, आज्जी. अंगावर विष हाय."

"एवढ्याशाला?"

"म्हणून तर रंग हाय. खाऊ नका म्हणून सांगतोय."

विष तो जन्मतः आणत नाही. तो ज्या मुंग्या आणि बारीक किडे खातो त्यांच्यातून ते त्याच्यात येतं. काचेच्या पेटीत ठेवून दुसरं खायला घातलं तर बिनविषारी होतो. हे ऐकून मला नवल वाटलं नाही. भाजीत तुम्ही जे घालता तेच तिच्यात उतरतं.

फोटो काढायचं काम मी पहिल्यांदा जवळून बघितलं. अश्विनी चिखलात पोटावर झोपली, कोपरं रोवली आणि श्वास धरून बसली. कॅमेऱ्याच्या दिव्यापुढं पांढऱ्या कापडाचा झगा लावलेला, उजेड मऊ पडावा म्हणून. मी वरून छत्री धरली. बेडूक दोन उड्या मारून पानाआड गेला की ही पुन्हा उठणार, पुन्हा झोपणार. ह्या कामाला नोकरी सोडली, हे जावयानं बघितलं असतं तर काय बोलला असता ते मी मनातल्या मनात ऐकलं.

नोएमीचे दोन नियम होते. बेडूक उचलून दुसरीकडं ठेवायचा नाही. काही फोटोवाले त्याला डबीत घालतात आणि छान फुलावर नेऊन सोडतात. अशा एकाला तिनं अर्ध्या वाटेवरून परत पाठवलं होतं. दुसरा नियम, डासांचं मलम हाताला लावायचं नाही, कारण तो हात पानाला लागतो आणि पान बेडकाला. त्यामुळं माझे हात डासांनी फोडून काढले.

तिसरा दिवस

तिसऱ्या दिवशी मी बेडूक आधी बघायला लागले. त्यात काही कला नाही. भेंडी-दोडक्यावरची अळी पन्नास वर्षं शोधली आहे. पान बघायचं नाही, पानात जे पान नाही ते बघायचं. नोएमीनं सकाळी पाच काढले तर मी सात.

अकराच्या सुमारास एका मुळीवर लाल ठिपका दिसला. पाठीवर काहीतरी काळं चिकटलेलं.

"अश्विने, हिच्या पाठीवर घाण लागलीय बघ."

अश्विनीनं बघितलं आणि माझं मनगट एवढं घट्ट धरलं की बांगडी रुतली. घाण नव्हती, पिल्लू होतं. शेपटीवालं, पोहणारं पिल्लू, आईच्या पाठीवर ओलाव्यानं चिकटून बसलेलं. ती बेडकी उड्या मारत झाडावर चढली. अश्विनी फोटो काढत राहिली. बेडकी वर वर गेली आणि दिसेनाशी झाली.

"कुठं चालली ती?"

"पिल्लू ठेवायला. वर झाडांवर पानांच्या बेचक्यात पावसाचं पाणी साठतं, त्यात एकेक पिल्लू ठेवते. एका ठिकाणी एकच. मग दोन-चार दिवसांनी प्रत्येकाकडं जाते आणि अंडं घालून जाते, त्याला खायला."

"सवताचं अंडं?"

"व्हय. कोंबड्याशिवाय कोंबडी घालते तसं. त्यातनं काय निघत न्हाय, नुसतं खायचं."

"आन् ती तसं करताना तुला फोटो पायजे."

"व्हय."

मी वर बघितलं. झाड वडापेक्षा उंच होतं. हिला तिथं कोण चढवणार, असं मला वाटलं. नोएमीही मान वर करून बघत होती. ती पानं, ते पाणी म्हणजे तिकडं उंच शेंड्यावर, असं माझ्या डोक्यात पक्कं बसलं.

परतताना ओढ्याच्या काठावर माझा पाय घसरला आणि गुडघा दगडावर आपटला. मोडलं नाही, पण सुजलं.

चौथा दिवस, शुक्रवार

अश्विनी आणि नोएमी जंगलात गेल्या. गुडघ्यामुळं मी मागं राहिले. कार्मेननं गुडघ्याला कसलातरी पाला वाटून बांधला आणि ती दुकानात गेली.

आमच्या गावात शुक्रवार हा कोरडा दिवस असतो. सरकारी दवाखान्याच्या आशाताईनं लावून दिला आहे. त्या दिवशी घरातलं साठवलेलं सगळं पाणी ओतायचं, रांजण-पिंप घासून वाळवायचं, कुंड्यांखालच्या ताटल्या पुसायच्या, म्हणजे डासांच्या अळ्या मरतात. काही बाया कंटाळा करतात. मी करत नाही. माझा धाकटा दीर डेंग्यूनं गेला, बारामतीच्या दवाखान्यात, चौथ्या दिवशी. त्याच्या गोठ्यात फुटकं पिंप होतं, त्यात पाणी होतं, आणि ते मी रोज बघत होते. तेव्हापासून माझा एक शुक्रवार चुकलेला नाही. मुलाच्या घरीसुद्धा मी दर शुक्रवारी कुंड्या पुसायचे. सून काही बोलायची नाही, फक्त बघायची.

आमच्या खोलीच्या मागं एक झाड होतं, फार मोठं नाही. त्याच्या खोडाला माझ्या कमरेपासून डोक्यापर्यंत छोटी छोटी झाडं बांधलेली होती, अननसाच्या शेंड्यासारखी दिसणारी. मला वाटलं शोभेची. डोकावून बघितलं तर प्रत्येकाच्या पानांच्या मुळाशी पाणी, आणि पाण्यात वळवळ. माझ्या खोलीच्या खिडकीपासून चार पावलांवर. हात फुटले होते ते कशानं, ते कळलं.

मी फडकं घेतलं. पानाच्या बेचक्यात घालायचं, पाणी टिपायचं, बाहेर पिळायचं. नऊ झाडं होती, नऊही केली. तीन झाडांत एकेक मोठी अळी निघाली. काळी, डोक्याकडं जाड, शेपूट चपटं. आपल्याकडं एवढी मोठी होत नाही. परदेशातली आहे, मोठी असेल, असं म्हणून मी त्या जमिनीवर टाकल्या आणि त्यावर पाय दिला. मग फडकं धुऊन वाळत घातलं आणि कॉटवर पडले. चांगलं वाटत होतं. चार महिन्यांत पहिल्यांदा मनासारखं काम केलं होतं.

संध्याकाळी जेवताना नोएमी अश्विनीशी बराच वेळ बोलली. अश्विनीनं चमचा खाली ठेवला.

"आज्जी, उद्या जंगलात जायला नको. आपल्या खोलीच्या मागंच हाय."

"काय?"

"ती झाडं न्हाईत का बांधलेली? नोएमीनंच बांधल्यात, बेडकांसाठी. एका आईनं त्यात तीन पिल्लं ठेवल्यात. नोएमी पंधरा दिवस झालं बघतीय. ती कधी येते त्याचा अंदाज आल्याशिवाय मला सांगायचं न्हाय, उगं आशा लावायची न्हाय म्हणून गप बसली होती. उद्या न्हायतर परवा येणार म्हणतीय. छातीएवढ्या उंचीवर, आज्जी. स्टुलावर बसून फोटो निघंल."

मी ताटातला घेवडा संपवला. नेहमी मी तोंडावर बोलते, सगळ्या गावाला माहीत आहे. त्या संध्याकाळी का बोलले नाही ते मला अजून सांगता येत नाही. ती खूश होती, हे कारण असेल. मी घाबरले होते, हेही असेल.

पाचवा दिवस

सकाळी मी त्यांच्या आधी झाडापाशी जाऊन उभी राहिले. नोएमी टॉर्च घेऊन आली. पहिल्या झाडात बघितलं, दुसऱ्यात बघितलं. मग बोट घालून बघितलं.

"पाणी न्हाय," अश्विनी म्हणाली. "एवढ्या पावसात पाणी कसं न्हाय?"

"मी काढलं," मी म्हणाले. "काल. फडक्यानं."

"का?"

"शुक्रवार होता."

तिला कळलं. ती आमच्याच घरातली आहे, तिला कोरडा दिवस माहीत आहे. ती खाली बसली.

"पिल्लं?"

"तीन निघाली. मला अळी वाटली. पायाखाली घातली."

नोएमी विचारत होती काय झालं. अश्विनीनं सांगितलं. सांगायला दोन वाक्यं लागली. नोएमीनं माझ्याकडं बघितलं आणि काहीतरी विचारलं.

"डेंग्यू का, असं विचारतीय," अश्विनी म्हणाली, माझ्याकडं न बघता.

"व्हय म्हणून सांग. माझा दीर गेलाय."

नोएमीनं टॉर्च बंद केला. कार्मेन स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती. ती पुढं आली आणि मला हाताला धरून घराच्या बाजूला घेऊन गेली. तिथं चार बादल्या, एक घमेलं आणि गाडीचा एक टायर, सगळं पालथं घातलेलं. तिनं टायरवर थाप मारली, मग स्वतःच्या छातीवर थाप मारली. मग त्या झाडाकडं बोट करून नाही म्हणून मान हलवली. ती मला काय सांगत होती ते मला समजलं. माझं अर्धं बरोबर होतं.

दिवसभर अश्विनी माझ्याशी बोलली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. ती लेन्सा पुसत बसली. दुपारी पाऊस आला, तासाभरात नऊही झाडं पुन्हा भरली. पाणी आलं, तीन पिल्लं काही आली नाहीत.

सहावा दिवस

तरीही अश्विनी सकाळी स्टूल लावून बसली. दुसरं करायला काही नव्हतं. मी छत्री घेऊन शेजारी उभी राहिले. जा म्हणाली नाही, ये म्हणाली नाही.

"आली तर काय करंल ती?" मी विचारलं.

कॅमेऱ्यावरून डोळा न काढता तिनं उत्तर दिलं. "पाठीकडनं पाण्यात उतरंल. पिल्लू असलं की ते तिच्या अंगाला लागून थरथरतं. म्हणजे मी हाय, असं सांगतं. मग ती अंडं घालते. थरथरलं न्हाय तर न्हाय घालत."

नऊच्या पुढं ती आली. खोडावरून लाल ठिपका चढत आला, थांबत, उडी मारत. सरळ एका झाडावर गेली. तिनं शोधलं नाही, तिला ठाऊक होतं. वळली, पाठीकडून पाण्यात उतरली आणि बसली. डोकं तेवढं वर. निळे पाय पाण्यात, लाल अंग हिरव्या पानाला टेकलेलं. अश्विनीचा कॅमेरा चालू होता. मी मनात शंभर मोजले, मग पुन्हा शंभर. ती हलली नाही.

मग निघाली. दुसऱ्या झाडावर गेली, तसंच उतरली, तसंच बसली. मग तिसऱ्या. मला वाटलं आता जाईल. ती पुन्हा पहिल्या झाडावर आली आणि पुन्हा पाण्यात उतरली. ह्या वेळी जास्त बसली. मग वर चढून पानाच्या टोकावर आली आणि तिथून गेली.

अश्विनीनं कॅमेरा खाली घेतला आणि मागच्या काचेवर फोटो मला दाखवले. मी चष्मा लावून बघितले. बेडकी पाण्यात बसलेली, अगदी स्वच्छ. पापणीसुद्धा दिसत होती. पाणी काळं दिसत होतं, आत काय आहे नाही ते कळत नव्हतं.

"हाच की तुझा फोटो," मी म्हणाले.

"ह्यात पिल्लू न्हाय."

"दिसतंय कुठं न्हाय म्हणून? असंच बसते म्हणालीस ना भरवताना?"

"व्हय. असंच."

"मंग दे. भरवतीय म्हणून लिही. बेडकी काय कोर्टात जाणाराय?"

मी मनापासून म्हणाले. माझ्यामुळं तिचं काम गेलं होतं आणि इथं ते परत मिळत होतं. प्रकाशकाला कळलं नसतं. जावयाला तर नाहीच.

अश्विनी हसली, दोन दिवसांत पहिल्यांदा. पण ते हसणं काही चांगलं नव्हतं. "नोएमीला माहिताय," ती म्हणाली.

"नोएमी मराठी पुस्तक वाचतीय व्हय?"

"आन् मला माहिताय, आज्जी. मी बघितलं की ती त्याच झाडात दोनदा बसली. पिल्लू असतं तर एकदाच बसली असती."

मी छत्री मिटली. पोरगी अडून बसली की कुणाचं ऐकत नाही. ते तिनं माझ्याकडूनच घेतलंय.

सातवा दिवस

निघताना कार्मेननं मला गुळाची एक ढेप दिली, पानात बांधून. मी तिला उरलेली चटणी दिली. नोएमीनं अश्विनीला मिठी मारली. मला मारावी की नाही असा विचार करत ती उभी राहिली, मग मारली. मी त्या झाडाकडं एकदा जाऊन आले. पाणी होतं, वळवळही होती, डासांची. ह्या वेळी मी हात लावला नाही.

कन्हेरी

घरी येऊन आता आठ महिने झाले. कोरडा दिवस मी अजून पाळते. डेंग्यू काही खोटा नाही. फक्त पिंप ओतायच्या आधी टॉर्च लावून बघते. आशाताईला वाटतं, यमुनाबाईची नजर गेली.

पुस्तक दिवाळीनंतर आलं. अश्विनीनं प्रकाशकांना सगळं खरं सांगितलं होतं. मुखपृष्ठावर दुसऱ्याच कुणाचा पेंग्विन आहे. अश्विनीचं नाव आत, बारीक अक्षरात. जावई अजून जेवताना बोलतो.

तिचे फोटो आत बरेच आहेत. बेडकी अगदी शेवटच्या पानावर आहे. अक्षरं लहान मुलांची म्हणून मोठी, मला चष्म्याशिवाय वाचता आली. खाली असं लिहिलं आहे: ही आई पिल्लाला भरवायला आली आहे. पण पानातलं पाणी कुणीतरी काढून टाकलं होतं. पिल्लू आता तिथं नाही. ती पुन्हा पुन्हा येऊन बघून गेली.

मी अश्विनीला फोन लावला.

"हे 'कुणीतरी' कोण?"

"आज्जी, मंग काय लिहायचं होतं?"

"आज्जीनं काढलं, असं."

"लहान पोरांचं पुस्तक हाय ते. पोरं घाबरतील आज्जीला."

"घाबरू देत की. आज्ज्या काय सगळ्या चांगल्याच असत्यात व्हय?"

"छापून झालंय आता," ती म्हणाली. "आता काय करायचं?"

माझ्याकडं एक प्रत आहे. त्यात मी पेननं 'कुणीतरी' खोडलं आणि वर 'यमुनाबाईनं' असं लिहिलं. गुळगुळीत कागदावर शाई नीट बसत नाही, त्यामुळं अक्षर जरा पसरलं आहे. पण वाचता येतं.